सिंक केलेला पॅटर्न की साधा पॅटर्न? वर्डप्रेसमधला सगळ्यात महागात पडणारा गोंधळ

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पान ब्लॉक एडिटरमध्ये रचलं जातं. शीर्षक, परिच्छेद, चित्र असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक, आणि पुन्हा वापरण्यासाठी जपून ठेवलेला ब्लॉकचा संच म्हणजे पॅटर्न. दोन-चार ब्लॉक निवडून 'क्रिएट पॅटर्न' म्हटलं की एक छोटी खिडकी उघडते. वर नाव, मग वर्गवारी, आणि खाली 'सिंक्ड' असं एक बटण. ते आधीपासून चालूच असतं. बहुतेक जण तिकडे न बघताच पुढे जातात आणि मग कधीतरी तक्रार येते, की जुन्या पानांवरचा मजकूर आपोआप बदलला. साइट हॅक वगैरे काही झालेली नसते. त्या बटणाने आपलं काम चोख केलेलं असतं.

साधा पॅटर्न म्हणजे झेरॉक्स. पानावर टाकला की त्यातले ब्लॉक त्या पानाच्या मजकुरात उतरतात आणि मूळ पॅटर्नशी संबंध तुटतो. सिंक केलेल्या पॅटर्नचे ब्लॉक मात्र पानात उतरतच नाहीत. पानामागचा कोड दाखवणारा 'कोड एडिटर' उघडून पाहा: साध्या पॅटर्नच्या जागी शीर्षक, चित्र, परिच्छेद असा सगळा ऐवज दिसेल, सिंक केलेल्याच्या जागी जेमतेम एक ओळ, अमुक क्रमांकाचा पॅटर्न इथे दाखवा एवढंच सांगणारी. पान उघडताना दरवेळी मजकूर मूळ जागेवरून येतो.

समजा, एखाद्या वाचनालयाची साइट आहे. 'सकाळी ८ ते १२, सोमवारी बंद' ही पट्टी तीस पानांवर आहे. वेळ बदलली, तर सिंक केलेल्या पॅटर्नमध्ये एकदाच दुरुस्ती करायची. साधा असेल तर तीस पानं उघडत बसा, त्यातलं एखादं राहणारच. आता उलट बाजू. कार्यक्रमाच्या सूचनेसाठी शीर्षक, फोटो, तारीख असा साचा केला आणि तो चुकून सिंक झाला. नव्या व्याख्यानाची माहिती मूळ पॅटर्नमध्ये भरली की आधीच्या सगळ्या कार्यक्रमांच्या पानांवरही तेच व्याख्यान झळकतं. पहिल्या चुकीत नुसता वेळ जातो, दुसरीत जुनी नोंदच जाते.

हे दोन प्रकार पूर्वी वेगवेगळ्या नावांनी वावरत होते. 2018 च्या 5.0 आवृत्तीत 'रीयूजेबल ब्लॉक' आले, 2020 च्या 5.5 मध्ये पॅटर्न. ऑगस्ट 2023 च्या 6.3 मध्ये रीयूजेबल ब्लॉकना 'सिंक्ड पॅटर्न' म्हणायला सुरुवात झाली आणि दोघांचा संसार एका छपराखाली आला. मेनू सुटसुटीत झाला, हे खरं. पण माझ्या मते यात दिसण्यातला सारखेपणा साधताना वागण्यातला फरक झाकला गेला. पूर्वी नावच सावध करायचं. आता ती जबाबदारी जांभळ्या रंगावर आली आहे. सिंक केलेला पॅटर्न निवडला की त्याचं चिन्ह आणि चौकट जांभळी दिसते. ज्याला हे माहीत नाही, त्याला ती सजावटच वाटणार.

त्यानंतरच्या सुधारणा मात्र मला पटतात. पूर्वी पानावरच टाइप करता करता मूळ पॅटर्न बदलून जायचा. आता 'एडिट ओरिजिनल' म्हणून मुद्दाम आत शिरावं लागतं. एक जास्तीची क्लिक पडते, पण ती योग्य ठिकाणी पडते. जुलै 2024 च्या 6.6 मध्ये 'ओव्हरराइड्स' आले. शीर्षक, परिच्छेद, बटण, चित्र यांपैकी हव्या त्या ब्लॉकला मोकळीक द्यायची. मग मांडणी सगळीकडे एकच आणि मजकूर पानागणिक वेगळा. वाचनालयाच्या कार्यक्रमांना हेच हवं होतं.

दोन गोष्टी हाताशी असू द्या. सिंक केलेला पॅटर्न डिलीट केला, तर तो जिथे जिथे होता तिथून वाचकाच्या नजरेआड होतो. साध्याच्या प्रती जागच्या जागी राहतात. आणि एखाद्याच पानावर वेगळा मजकूर हवा असेल, तर तिथल्या पॅटर्नच्या मेनूतून 'डिटॅच' करा. तो त्या पानापुरता साधा होतो आणि मूळ पॅटर्नमधले पुढचे बदल त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.