शाळांच्या निधीचा अग्रक्रम : कोकण किनारा

सरकारी आणि अनुदानित शाळांवर राज्याने किती खर्च करायचा आणि त्यातही आधी कशावर, हे ठरवण्याची पद्धत. महाराष्ट्रात हा निर्णय एका जागी होत नाही. विधिमंडळात मंजूर होणारी शालेय शिक्षण विभागाची तरतूद, केंद्र व राज्य 60:40 प्रमाणात पैसे घालतात ती समग्र शिक्षा योजना, जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती अशा त्याच्या चार वाटा आहेत. कोकणात या चारही वाटा शेवटी एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात, तो म्हणजे शाळेचा पट, अर्थात विद्यार्थ्यांची संख्या.

शाळेचा पैसा कोणी द्यायचा, हा वाद या किनाऱ्याला नवा नाही. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थांनी आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. विरोधाच्या कारणांत खर्चाचा मुद्दा होताच. पुढे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा परिषदेची आणि पगाराचा पैसा राज्याचा, ही आजची रचना तेव्हापासूनची.

तरतुदीचा सर्वांत मोठा भाग वेतनावर जातो. ते अनिवार्य खर्चात मोडत असल्याने अग्रक्रमाचा खरा प्रश्न उरलेल्या रकमेपुरताच असतो, आणि शिक्षकांची पदेही संचमान्यतेने, म्हणजे पटावरूनच ठरतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक हवेत. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष बदलले आणि वीसपेक्षा कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षक टिकवणे अवघड झाले. शिवाय आंतरजिल्हा बदलीने शिक्षक आपापल्या जिल्ह्यांत परतले की पदे रिकामी राहतात. स्थानिक डीएड उमेदवारांना प्राधान्य द्यावे, ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जुनी मागणी त्यातूनच आली आहे.

पट कमी असण्याला शाळा जबाबदार आहे, असे मानणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची सुमारे 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आणि सिंधुदुर्गाची 8.69 लाखांवरून 8.50 लाखांवर आली. तरुण जोडपी मुंबई-ठाण्याला, मुलेही त्यांच्याबरोबर. मागे उरलेली वस्ती एकगठ्ठा गावात नसून डोंगरउतारांवरच्या वाड्यांत विखुरलेली आहे. घाटावर एका गावाला एक शाळा पुरते, इथे वाडीगणिक लागते.

लहान शाळेच्या वाट्याला काय येते, ते संयुक्त शाळा अनुदानावरून, म्हणजे किरकोळ खर्चासाठी शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या रकमेवरून दिसते. समग्र शिक्षेच्या निकषांत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये आणि 31 ते 100 पटाला 25,000 रुपये आहेत. पैकी किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. बारा मुलांच्या शाळेकडे मग 9,000 उरतात. त्यात खडू, हजेरीपट, विजेचे बिल आणि पावसाआधीची शाकारणी. कौले माकडांनी फोडायची ती फोडतातच, आणि जांभ्याच्या भिंतीत एकदा ओल शिरली की गिलावा धरत नाही. मुले बारा असली म्हणून छप्पर लहान होत नाही, हे अनुदानाच्या तक्त्याला समजत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड व उत्तर रत्नागिरीतील अनेक शाळांची छपरे गेली. एवढे मोठे काम या अनुदानातून होण्यासारखे नसते. त्याला आपत्ती निधी किंवा नियोजन समितीकडेच जावे लागते.

तिथे दुसरी अडचण कॅलेंडरची. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. प्रशासकीय मान्यता, निविदा यांत दोन महिने गेले तरी मृगाचा पाऊस दारात उभा. बांधकामाला ऑक्टोबरनंतरच हात लागतो आणि मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा. मेमध्ये नीट झाले असते ते काम मग घाईत उरकले जाते, नाहीतर पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

2023 मध्ये शासनाने वीसपर्यंत पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, करण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत (पुणे) व तोरणमाळ (नंदुरबार) येथील शाळांचे नमुने पुढे ठेवले गेले. मोठ्या शाळेत विषयशिक्षक, मैदान, प्रयोगशाळा मिळते, हा युक्तिवाद खोटा नाही. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र सांभाळताना काय दमछाक होते, हे शिक्षकच सांगतात. परंतु प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी हा नियम, ते अंतर पायवाटेने मोजले तरच कामाचा. मध्ये पऱ्या (ओढा) भरून वाहत असेल आणि साकव (छोटा पूल) नसेल, तर पलीकडच्या वाडीतली शाळा जुलैत बंदच समजायची. दूरच्या वस्तीतील मुलाला समग्र शिक्षेतून वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत वाहतूक भत्ता मिळू शकतो, पण एसटी जिथवर जात नाही तिथे भत्ता देऊन गाडी येत नाही. समूह शाळेचा हिशेब मांडताना साकव, रस्ता आणि गाडी यांचा खर्च शिक्षण विभागाच्या नव्हे तर दुसऱ्याच विभागांच्या खात्यावर पडतो, म्हणून कागदावर बचत दिसते.

हे मुद्दे वर पोहोचवण्याचा कायदेशीर मार्ग शाळा व्यवस्थापन समितीचा आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तिनेच करायचा असतो. प्रत्यक्षात आराखडा मुख्याध्यापक भरतात आणि समिती सह्या करते. ज्या वाडीचे मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांची संघटना, जागे आहे, तिथे कौले, संगणक, बाके वर्गणीतून येतात. ज्या वाडीला तसे मंडळ नाही, तिच्यासाठी मात्र सरकारी तरतुदीशिवाय दुसरा आधार नसतो.