आजीची फ्रेंच, नातवाची फ्रेंच

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात आज जी मुलं फ्रेंच शिकतात ती बहुतेक शाळेत. आणि घरातून ही भाषा गेली तीही शाळेमुळेच.

१७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या अकेडियातून फ्रेंच भाषक शेतकऱ्यांना हुसकून लावलं. त्यांच्यातले बरेच जण फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखात स्थिरावले. १७८५ मध्ये तर त्यांच्यातलेच, फ्रान्समध्ये जाऊन पडलेले सुमारे १,६०० जण सात जहाजांनी आले. हेच पुढचे केजन. कृष्णवर्णीय क्रिओल (वसाहतकाळापासून इथेच रुजलेली माणसं) आणि हूमा आदिवासी यांच्याही घरात फ्रेंच होती, हे मात्र अनेकदा विसरलं जातं. १८०३ मध्ये नेपोलियनने हा प्रदेश अमेरिकेला विकला, तरी खेडोपाडी शंभर वर्षं तीच चालली.

मग १९१६ मध्ये शाळा सक्तीची झाली आणि १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत इंग्रजीच हवी असं ठरवलं. घरी फक्त फ्रेंच ऐकलेली पोरं वर्गात मुकी झाली. लघवीला जायचंय हे इंग्रजीत सांगता येईना, म्हणून चड्डी ओली केलेल्यांच्या आठवणी तिथे घरोघरी आहेत. फ्रेंच बोललं की छडी, नाहीतर 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' हे पाटीभर लिहायचं. ही पोरं आईबाप झाली तेव्हा त्यांनी मुलांशी इंग्रजीच धरली. फ्रेंच उरली ती मुलांना कळू नये असं काही बोलायला. त्या पिढीला ती थोडीफार कळते, बोलता येत नाही.

१९६८ मध्ये राज्याने फ्रेंच जपण्यासाठी 'कोडोफिल' ही संस्था काढली. जेम्स डोमेंजो हे माजी खासदार तिचे पहिले प्रमुख. फ्रान्स, बेल्जियम आणि कॅनडातल्या फ्रेंच भाषक क्वेबेकहून शिक्षक आले आणि नवाच पेच पडला. आजी कोळंबीला 'शेव्रेत' म्हणायची, पुस्तकात 'क्रेव्हेत'. आजीची मोटार 'शार', बाईंची 'व्हुआत्यूर'. आपली फ्रेंच अशुद्ध, हा जुना न्यूनगंड त्यामुळे आणखी पक्का झाला. माझ्या मते ती चूक महागात पडली. पुढे गणित-विज्ञानही फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग निघाले. मोठी माणसं कॉफीच्या टेबलाभोवती जमून गंजलेली भाषा घासूनपुसून घेऊ लागली.

२०२३ मध्ये प्वॅंत-ओ-शिएं या बायूकाठच्या (बायू म्हणजे दलदलीतला संथ ओढा) गावाजवळ फ्रेंच माध्यमाची सरकारी शाळा सुरू झाली. तिथल्या आदिवासींनी त्यासाठी जोर लावला होता. तिथे 'शेव्रेत' चालते.