शिक्षक परवान्याला राज्याची सीमा का आडवी येते

नवऱ्याची बदली न्यू जर्सीहून टेक्सासला झाली, की त्याचं काम पुढच्या सोमवारी नव्या ऑफिसात सुरू होतं. बायको न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत गणित शिकवत असेल, तर तिचं काम तिथेच थांबतं, कारण शिकवण्याचा परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो. नवा अर्ज, प्रत्येक विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट, जुन्या राज्याकडून परवान्याची पडताळणी, जुन्या शाळेकडून अनुभवाचं पत्र, बोटांचे ठसे पुन्हा एकदा, आणि कधी कधी नव्या राज्याची परीक्षाही. ठसे एफबीआयकडेच जायचे असतात, तरी आधीच्या राज्याने केलेली तपासणी नवं राज्य सहसा धरत नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा त्रास इतका ओळखीचा झालाय, की आपण बाहेरून आलो म्हणून तो आपल्या वाट्याला येतो असं अनेकींना वाटतं. तसं नाही. ओहायोत जन्मलेली, तिथेच शिकलेली शिक्षिका शेजारच्या राज्यात गेली तरी तिला याच रांगेत उभं राहावं लागतं. ही रांग कशी तयार झाली हे पाहायचं, तर एकोणिसाव्या शतकातल्या एकखोली शाळांपर्यंत मागे जावं लागतं.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. 1791 च्या दहाव्या घटनादुरुस्तीने केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे आणि जनतेकडे राहिले, आणि शाळा त्यातच आल्या. व्यवसायाचा परवाना देणं हाही राज्याचा हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1889 मध्ये ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या डॉक्टरकीच्या खटल्यात मान्य केलं. एका राज्यातल्या न्यायालयाचा निवाडा दुसऱ्या राज्याला घटनेनुसार मानावा लागतो; परवान्याला ते संरक्षण मिळालं नाही. आपल्याकडेही शिक्षण समवर्ती सूचीत असूनसुद्धा महाराष्ट्राची टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) मध्य प्रदेशात चालेल असं गृहीत धरता येत नाही. पण निदान 2011 पासून केंद्राची सीटीईटी आहे. अमेरिकेत केंद्र सरकार शिक्षक परवाना देतच नाही.

सुरुवातीला तर अडथळा राज्याच्या सीमेवर नव्हता, त्याच्या कितीतरी अलीकडे होता. पेनसिल्व्हेनियाने 1834 मध्ये शिक्षकाला वाचन, लेखन आणि अंकगणिताची परीक्षा सक्तीची केली. पुढे बहुतेक ठिकाणी परीक्षा घेण्याचं काम काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, शाळा अधीक्षकाकडे आलं. गावोगावच्या मुली, त्यातल्या कित्येक सोळा-सतरा वर्षांच्या, काउंटीच्या मुख्य गावी येऊन अंकगणित, व्याकरण, भूगोल, हस्ताक्षर यांची परीक्षा देत. पास झाल्यावर हातात पडणाऱ्या कागदावर विषयवार गुण शाईने भरलेले असत आणि वर दर्जा लिहिलेला असे: पहिला, दुसरा किंवा तिसरा. तिसऱ्या दर्जाचं प्रमाणपत्र फार थोड्या काळापुरतं चाले, मग पुन्हा परीक्षा. आणि तो कागद साधारणपणे त्या काउंटीपुरताच. लग्न होऊन शेजारच्या काउंटीत गेलेल्या मुलीला तिथल्या अधीक्षकासमोर पहिल्यापासून बसावं लागे. तो अधीक्षक अनेक ठिकाणी निवडून आलेला असायचा, तेव्हा ओळखीपाळखीही चालत.

न्यू यॉर्कने 1843 मध्ये राज्यभर चालणारं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्याला दिला. त्याआधी 1839 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला देशातली पहिली सरकारी अध्यापक शाळा उघडली होती. शिक्षक तयार करण्याची शाळा आली, तसा तिचा दाखला हाच परवान्याचा आधार होऊ लागला. तरीही काउंट्यांच्या हातून हा कारभार राज्यांकडे यायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1928 मध्ये राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. पुढच्या सगळ्या कहाणीत तिचं नाव येतं: नॅसडटेक.

दुसऱ्या महायुद्धात शिक्षक सैन्यात आणि कारखान्यांत गेले. जास्त पगार तिथेच होता. युद्ध संपता संपता देशात आणीबाणीची, म्हणजे पूर्ण पात्रता नसलेल्यांनाही शिकवू देणारी प्रमाणपत्रं लाखाच्या घरात गेली होती. एकीकडे पूर्ण पात्रतेची शिक्षिका राज्य बदललं म्हणून घरी बसलेली, दुसरीकडे वर्गात पात्रता नसलेला माणूस उभा. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खटकतं ते हे, कारण शिक्षकांच्या प्रत्येक टंचाईत हेच चित्र पुन्हा दिसतं.

त्यावर दोन मार्ग निघाले. 1954 मध्ये शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांना मान्यता देणारी एनकेट ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि तिने मान्य केलेल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना अनेक राज्यं दार उघडू लागली. दुसरा मार्ग कायद्याचा होता. 1965 च्या केंद्रीय शिक्षण कायद्यातून राज्यांच्या शिक्षण विभागांना पैसा मिळाला, न्यू यॉर्कने पुढाकार घेतला आणि 1968 पासून राज्यांनी शिक्षक पात्रतेच्या आंतरराज्य कराराचे कायदे केले. या करारांवर सह्या झाल्या तेव्हा काम संपल्यासारखं वाटलं असणार.

पण त्याच काळात परीक्षांचा एक वेगळा इतिहास घडत होता, आणि तो सांगितल्याशिवाय ही पार्श्वभूमी अर्धीच राहते. 1940 मध्ये नॅशनल टीचर एक्झामिनेशन ही राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. नाव राष्ट्रीय, म्हणजे राज्याराज्यांतल्या भिंती हिच्यामुळे कमी व्हायला हव्या होत्या. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने कृष्णवर्णीय शिक्षकांना वंशावरून कमी पगार देणं घटनाबाह्य ठरवलं. आता पगारातला फरक टिकवायला दक्षिणेकडच्या अधिकाऱ्यांना दुसरा आधार हवा होता, तो त्यांना या परीक्षेच्या गुणांत सापडला. साउथ कॅरोलिनाने 1945 मध्ये प्रमाणपत्राचा दर्जा आणि पगार या गुणांशी जोडला. वेगळ्या, मुद्दाम गरीब ठेवलेल्या शाळांत शिकलेले कृष्णवर्णीय शिक्षक तिथे मागे पडणार हे उघड होतं. वंशावरून वेगळ्या ठेवलेल्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ‘ब्राउन’ निकालानंतर शाळा एकत्र होऊ लागल्या, तेव्हा दक्षिणेतल्या हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. साउथ कॅरोलिनातला या परीक्षेचा वापर सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये वैध ठरवला.

त्यामुळे ‘दर्जा राखण्यासाठी आमची परीक्षा द्यावीच लागेल’ असं एखादं राज्य म्हणतं, तेव्हा ते वाक्य तपासून घ्यावं असं मला वाटतं. दर्जा हवाच, आपल्या मुलाला शिकवणाऱ्याला विषय यायला हवा याबद्दल कोणाचं दुमत असेल? पण दाराशी ठेवलेली प्रत्येक परीक्षा दर्जासाठीच होती, असं हा इतिहास सांगत नाही.

1983 मध्ये ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा सरकारी अहवाल आला. शाळांचा दर्जा घसरतोय या भीतीने राज्यांनी परीक्षा वाढवल्या, आणि प्रत्येकाने आपापली. कॅलिफोर्नियाची वेगळी, फ्लोरिडाची वेगळी, टेक्सासची वेगळी, मॅसॅच्युसेट्सची वेगळी. 1993 मध्ये जुन्या राष्ट्रीय परीक्षेची जागा प्रॅक्सिस या नव्या परीक्षेने घेतली. अनेक राज्यं ती वापरतात, पण पास होण्याचे गुण प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. एका राज्यात उत्तीर्ण ठरलेली शिक्षिका त्याच गुणपत्रिकेवर दुसऱ्या राज्यात नापास होऊ शकते. 2002 मध्ये सही झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने ‘उच्च पात्रताधारक शिक्षक’ सक्तीचे केले, पण त्यांची पात्रता मोजायचं काम पुन्हा राज्यांवरच सोपवलं.

राज्यांच्या काही अटी मला पटतात. अलास्का आपल्या राज्याचा अभ्यास आणि बहुसांस्कृतिक शिक्षण यांचे अभ्यासक्रम मागतं. माँटानात मूळनिवासी जमातींविषयी एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे आणि तो विनामूल्य आहे. मॅसॅच्युसेट्सने इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण आवश्यक केलं. त्या राज्यातल्या मुलांसाठी हे उपयोगाचं आहे, नोकरी करता करता पूर्ण होण्यासारखंही आहे. पंधरा वर्षं बीजगणित शिकवणाऱ्या बाईंना पुन्हा बीजगणिताची परीक्षा द्यायला लावण्यामागे मात्र मला कोणतंही कारण दिसत नाही.

मग 1968 च्या कराराचं काय झालं? तो नॅसडटेकच्या छत्राखाली पुढे चालू राहिला, आणि त्यालाच लोक ‘रेसिप्रॉसिटी’, म्हणजे परस्पर मान्यता, म्हणू लागले. प्रत्यक्षात तो एकच करार नाही. इतर कोणत्या राज्याची कोणती प्रमाणपत्रं आपण विचारात घेऊ, हे प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे लिहून दिलेलं निवेदन आहे. ‘अ’ राज्य ‘ब’चा परवाना मानतं म्हणून ‘ब’ने ‘अ’चा मानावा असं बंधन नाही, आणि मानला तरी ‘आमच्या राज्याच्या खास अटी’ शिल्लक राहतात. फ्लोरिडासारखी राज्यं दुसऱ्या राज्याचा पूर्ण परवाना बराच सहज स्वीकारतात, इतर अनेक ठिकाणी एका वर्षाचा तात्पुरता परवाना हातात ठेवून मागाहून यादी देतात. नव्या गावात पोचल्यावर अनेकींचा हिरमोड होतो तो इथे. त्यांनी ‘रेसिप्रॉसिटी आहे’ एवढंच ऐकलेलं असतं.

परवाना सहज हलू नये यामागे एक खरं, गंभीर कारणही आहे. मुलांशी गैरवर्तन करून एका राज्यात परवाना गमावलेला माणूस दुसऱ्या राज्यात नव्याने शिकवू लागल्याची प्रकरणं अमेरिकेत घडली आहेत. कारवाई झालेल्या शिक्षकांची नोंद राज्यांनी एकमेकांना कळवावी म्हणून नॅसडटेक एक सामाईक यादी ठेवतं. 2016 मध्ये ‘यूएसए टुडे’ने या यादीतली मोठी भगदाडं दाखवून दिली: राज्यांनी नावंच कळवली नव्हती. नंतर यादी तपासली गेली, नावं भरली गेली. ही यादी चोख ठेवली, तर प्रामाणिक शिक्षिकेला संशयाने अडवून ठेवण्याची गरजच उरत नाही.

बदल पुढे सरकला तो शाळांमुळे नाही, सैन्यामुळे. सैनिकांच्या बदल्या दर दोन-तीन वर्षांनी होतात, त्यांच्या जोडीदारांत शिक्षिका पुष्कळ, आणि प्रत्येक बदलीत त्यांची नोकरी जाते. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक शाळा-जिल्ह्यांत लग्न झालेल्या बाईला नव्याने शिक्षिका म्हणून घेत नसत. तो नियम दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मावळला. पण लग्नाबरोबर येणाऱ्या स्थलांतराने बाईची नोकरी जाणं त्यानंतरही थांबलं नाही. 5 जानेवारी 2023 ला केंद्रीय कायदा झाला: लष्करी आदेशाने राज्य बदललं, तर सैनिकाचा आणि जोडीदाराचा व्यावसायिक परवाना नव्या राज्यात ग्राह्य धरायचा, त्या वेळी वकिलीचा अपवाद सोडून. त्याच वर्षी टेक्सासमध्ये एका हवाईदल कुटुंबातली शालेय समुपदेशक बाई याच कायद्याच्या आधाराने न्यायालयात गेली. तिच्याकडे दुसऱ्या राज्यांचे परवाने होते. केंद्रीय न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला.

बाकीच्या शिक्षकांसाठीचा नवा आंतरराज्य करारही लष्कराच्याच पाठबळाने घडला. नर्सेससाठी असा करार 2000 पासूनच अमलात आहे. शिक्षकांना आणखी दोन दशकं थांबावं लागलं. कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्न्मेंट्स ही राज्य सरकारांची संघटना, संरक्षण विभाग आणि नॅसडटेक यांनी मसुदा केला, दहा राज्यांनी कायदा केला की तो लागू होणार असं ठरलं. 2023 मध्ये कोलोरॅडोने पहिलं पाऊल टाकलं, आणि त्याच उन्हाळ्यात ॲलाबामा, फ्लोरिडा, कॅन्सस, केंटकी, नेब्रास्का, नेवाडा, ओक्लाहोमा, ओरेगन, युटा मिळून दहाचा आकडा पुरा झाला. पदवी, राज्यमान्य प्रशिक्षण आणि निष्कलंक, चालू परवाना असेल, तर नवं राज्य आपला सर्वांत जवळचा परवाना देतं. पार्श्वभूमी तपासणी मात्र होतेच. पुढे नूतनीकरणाच्या वेळी ते राज्य आपल्या अटी लावू शकतं.

त्या पहिल्या दहांत न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू यॉर्क यांपैकी एकही नव्हतं, आणि मराठी वस्ती मोठ्या संख्येने आहे ती याच राज्यांत. शिवाय भारतातून बी.एड. करून आलेल्यांची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. त्यांना आधी पदव्यांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. अमेरिकी पदवीच्या तोडीची मानायची का, यावर मूल्यमापन करणाऱ्या संस्थांचं एकमत नाही. जुनं बी.एड. तर एका वर्षाचंच आहे. एनसीटीई या भारतातल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या 2014 च्या नियमांनंतर ते दोन वर्षांचं झालं. या सगळ्यातून वाट काढणाऱ्या अनेकींच्या हातात पहिल्यांदा पडतो तो तात्पुरता किंवा मर्यादित परवाना. आणि नवा करार असे परवाने धरत नाही. म्हणून भारतातून आलेल्या शिक्षिकेने घर हलवण्याची वेळ येण्याआधी, आहे त्याच राज्यात पूर्ण परवाना पदरात पाडून घ्यावा आणि मुलं लहान म्हणून काही वर्षं घरी राहिली तरी त्याचं नूतनीकरण चुकवू नये.