आतली उद्घोषणा आणि बाहेरची ओळख : दृष्टिहीन प्रवाशाच्या दोन वेगळ्या गरजा

बसमध्ये ध्वनिवर्धक बसवला की दृष्टिहीन प्रवाशांची सोय झाली, असे सरसकट मानले जाते. वास्तविक गाडीत बसल्यावर पुढचा थांबा कोणता हे कळणे आणि थांब्यावर उभे असताना समोर आलेली गाडी कोणती हे कळणे, या दोन स्वतंत्र गरजा आहेत आणि पहिली भागल्याने दुसरी भागत नाही. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखालील परिवहन नियमांत त्या वेगवेगळ्या नमूद केलेल्या आहेत. महत्त्वाचे थांबे गाडीत पुकारणे ही एक जबाबदारी. आणि एकाच थांब्यावर अनेक मार्गांच्या गाड्या येत असल्यास दृष्टिहीन व्यक्तीला आपली गाडी ओळखता येईल अशी व्यवस्था करणे, ही दुसरी.

यांपैकी आतली उद्घोषणा तुलनेने सोपी आहे. उपग्रहाच्या साहाय्याने मिळणारे गाडीचे स्थान आधी नोंदवून ठेवलेल्या थांब्यांशी ताडले जाते आणि थांबा जवळ आला की त्याचे नाव ऐकू येते. त्यात काही मीटरांची चूक झाली तरी बिघडत नाही, कारण प्रवाशाला उठून दाराकडे सरकण्यापुरती सूचना हवी असते. यंत्र नसले तरी वाहक असतोच. जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबादला उतरायचे असेल, तर तिकीट घेतानाच तसे सांगून ठेवता येते आणि गर्दी फार नसेल तर वाहक ते लक्षातही ठेवतो. विनावाहक गाडीत हा आधार नसतो. पण अशा गाड्या बहुधा विनाथांबा धावत असल्याने तेथे हा प्रश्न तितका बोचत नाही.

बाहेरच्या ओळखीचे तसे नाही. मोठ्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक गाडीचे नाव आणि फलाट क्रमांक पुकारतो. परंतु फलाट सापडल्यावरही शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांतली आपली कोणती आणि तिचे दार कुठे, हे विचारावेच लागते. महामार्गावरच्या फाट्यावर तर पुकारणारा कोणीच नसतो, आणि हात केल्याशिवाय गाडी थांबेलच असे नाही. जो गाडी पाहू शकत नाही त्याने हात नेमका केव्हा करावा? मोबाइलवर गाडीचे स्थान दाखवणारे ॲप येथे अपुरे पडते, कारण आतल्या उद्घोषणेला चालून जाणारी काही मीटरांची चूक दार शोधताना चालत नाही.

आयआयटी दिल्लीने विकसित केलेली ‘ऑनबोर्ड’ ही प्रणाली नेमकी या दुसऱ्या गरजेसाठी आहे. प्रवाशाने हातातल्या छोट्या उपकरणाचे बटण दाबले की रेडिओ लहरींद्वारे जवळच्या बसगाड्यांचे मार्ग क्रमांक त्याला कळतात. त्यातून आपला क्रमांक निवडल्यावर त्या गाडीच्या दाराजवळचा ध्वनिवर्धक बोलू लागतो आणि त्या आवाजाच्या रोखाने प्रवासी दारापर्यंत पोहोचतो. दिल्ली आणि मुंबईत तिच्या चाचण्या झाल्या. खानदेशात मात्र ती जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण येथील एसटीचा प्रवासी गाडी क्रमांकाने ओळखत नाही, पाटीवरून ओळखतो. जळगावहून अमळनेरला जाणारी गाडी म्हटल्याने काम भागत नाही. ती धरणगावमार्गे आहे की पारोळामार्गे, हेही ऐकू आले पाहिजे, नाहीतर धरणगावला उतरणारा प्रवासी एरंडोलच्या रस्त्याला लागेल.

गमतीचा भाग असा की, बाहेरच्या ओळखीची सोय खाजगी काळी-पिवळीवाल्यांनी कुठल्याही यंत्राविना केलेली आहे. सीट भरण्यासाठी का होईना, ते गावाचे नाव मोठ्याने ओरडत असतात आणि दृष्टिहीन माणूस त्या आवाजाच्या दिशेने जाऊ शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४१ वाहतुकीची साधने सुगम्य करण्यास सांगते आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित व परवडणारे असेल तेथे जुन्या साधनांत बदल करण्याचीही तरतूद करते. त्यामुळे ‘नवीन गाड्या आल्यावर पाहू’ हे उत्तर पुरेसे नाही. दाराजवळ बाहेरच्या बाजूला एक ध्वनिवर्धक लावण्यासाठी गाडीचा सांगाडा बदलावा लागत नाही. आणि तो लागेपर्यंत थांब्यावर दार उघडताच वाहकाने गावाचे नाव ‘मार्गे’सकट मोठ्याने सांगावे, एवढा आदेश आगार पातळीवरही काढता येण्याजोगा आहे.