नामांकित पूर्वमालकी

नामांकित पूर्वमालकी : वापरलेली वस्तू आधी कोणा प्रसिद्ध माणसाकडे होती, एवढ्यावरून तिला मिळणारी जादा किंमत, बऱ्याचदा मिळेल अशी विकणाऱ्याला असलेली नुसतीच आशा. घड्याळ, दागिना, तलवार, मोटार, बैल, वाडा अशा कशाच्याही बाबतीत हा प्रश्न निघतो, पण त्याचा खरा कस लागतो तो जुन्या यॉटच्या सौद्यात. यॉट म्हणजे हौसेने समुद्रात फिरण्यासाठी बांधलेली खासगी नौका. सोलापूरच्या माणसाला नौका दिसते ती उजनीच्या पाण्यात, नाहीतर पंढरपूरला चंद्रभागेत. ती जुनी घेताना मालकाचं नाव विचारलंच, तर होडी चोरीची नाही ना एवढ्यापुरतं. तरीही हा प्रश्न इथे अनोळखी नाही, कारण ‘गाडी डॉक्टरांची आहे’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या कुठल्याही दुकानात ऐकू येतं.

ते कसं चालतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. एमएच १३ पासिंगची पांढरी गाडी उभी असते. दलाल किंमत सांगण्याआधी मालक कोण ते सांगतो : “डॉक्टरांची गाडी हाय, सिंगल हँड. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, बास.” जाणता गिऱ्हाईक मान डोलावतो आणि खाली वाकून ब्रेकच्या पॅडलचं रबर बघतो. मीटर तीस हजार किलोमीटर दाखवत असेल आणि रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर डॉक्टरांचं नाव तिथेच संपतं. मग दाराच्या कडेचं रबर सोलून आतला मूळ रंग पाहायचा, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत का ते पाहायचं, ड्रायव्हरच्या सीटची कड दाबायची, स्टेपनी बाहेर काढायची. ‘डॉक्टर’ या शब्दाला बाजारात भाव आहे तो प्रसिद्धीचा नाही, हाताळणीच्या अंदाजाचा आहे : एकच हात फिरलेला, सर्व्हिसिंग वेळेवर, पाचाच्या गाडीत आठ जण कोंबलेले नाहीत. नाव मोठं झालं की भाव चढतोच असंही नाही. गाडी पुढाऱ्याची म्हटली की गिऱ्हाईक आधी मागची सीट दाबून बघतो, कारण तिच्यावर किती कार्यकर्ते बसले असतील याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारातही हेच. खिलार खोंड कोणाच्या दावणीचा, हे विचारलं जातं. पण ते खुराक आणि वळण कळावं म्हणून. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, जबडा उघडून दात मोजतो, भोवरे पाहतो, बैल चालवून बघतो. भाव ठरतो तो रुमालाखाली बोटं दाबून, आणि रुमालाखाली मालकाच्या लौकिकासाठी वेगळं बोट नसतं. शर्यतीचा बैल असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही नाव बैलाचं असतं.

यॉटच्या बाजाराचा अनुभव याहून फार वेगळा नाही. इटलीतल्या बेनेट्टी कंपनीने १९८० मध्ये सौदी शस्त्रदलाल अदनान खशोगी यांच्यासाठी ‘नबिला’ ही ८६ मीटरची नौका बांधली. खर्च सुमारे १० कोटी डॉलर सांगितला जातो. खशोगी अडचणीत आल्यावर ती ब्रुनेईच्या सुलतानांकडे गेली आणि त्यांच्याकडून डोनाल्ड ट्रम्प यांनी ती सुमारे २.९ कोटी डॉलरना घेतली. १९९१ मध्ये ट्रम्प यांची आर्थिक ओढाताण सुरू असताना सौदी राजपुत्र अल्वलीद बिन तलाल यांनी ती सुमारे २ कोटींना उचलली. जगभर गाजलेल्या मालकांची अशी रांग दुसऱ्या नौकेला क्वचितच लाभली असेल. पण प्रत्येक नव्या नावाबरोबर आकडा खालीच आला. शिवाय घेणाऱ्यांनी नौकेचं नावही बदललं : नबिला, मग ‘ट्रम्प प्रिन्सेस’, मग ‘किंगडम ५केआर’. ज्याच्याकडे एवढे पैसे आहेत, त्याला दुसऱ्याच्या नावाची पाटी मिरवायची नसते.

याचं कारण यॉटच्या स्वभावात आहे. घड्याळ पेटीत ठेवलं तरी चालतं. यॉट पाण्यात उभी राहिली तरी खाते. धक्क्याचं भाडं, खलाशी, विमा, रंग, इंजिनं असं सगळं मिळून वर्षाचा खर्च किमतीच्या दहा टक्क्यांच्या घरात जातो, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. म्हणून घेणारा आधी सर्वेक्षक बोलावतो. नौका पाण्याबाहेर ओढतात, पोलादी तळाची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात, फायबरच्या तळावर फोड आलेत का ते बघतात, इंजिनं किती तास चालली याची नोंद तपासतात. पॅडलच्या रबराचाच हा मोठा अवतार.

घड्याळाचं गणित मात्र पार निराळं. अभिनेते पॉल न्यूमन यांच्या मनगटावरचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १.७७ कोटी डॉलरच्या वर गेलं. जॅकलिन केनेडी यांची खोट्या मोत्यांची तीनपदरी माळ १९९६ च्या लिलावात २,११,५०० डॉलरना विकली गेली. लिलावगृहाचा अंदाज हजाराच्याही आतला होता. मानसशास्त्रज्ञ याला स्पर्शाचा संसर्ग म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी दोन जुने शब्द तयारच आहेत : प्रसाद आणि विटाळ. जॉर्ज न्यूमन आणि पॉल ब्लूम यांनी २०१४ मध्ये लिलावांच्या नोंदी तपासून दाखवलं, की लोकांना आवडणाऱ्या व्यक्तीचा वस्तूला जितका अधिक स्पर्श झालेला असेल तितकी किंमत वाढते, आणि नावडत्या व्यक्तीच्या बाबतीत उलट घडतं. त्यांच्याच आधीच्या एका प्रयोगात, आवडत्या व्यक्तीचा स्वेटर निर्जंतुक करून दिला जाईल असं सांगताच लोकांची तो घेण्याची इच्छा ओसरली. यॉटचं दुखणं नेमकं इथेच आहे. ठरावीक वर्षांनी तिची आतली सजावट, वायरिंग, नळ, गाद्या सगळं उचकटून नवं बसवावं लागतं. म्हणजे स्पर्श धुऊन जातो. न बसवावं, तर गिऱ्हाईक येत नाही.

विटाळाचं भारतातलं ठळक उदाहरण म्हणजे दाऊद इब्राहिमची हिरवी ह्युंदाई ॲक्सेंट. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईतल्या सरकारी लिलावात ती ३२,००० रुपयांना गेली. घेणाऱ्याने ती गाझियाबादला नेऊन जाहीरपणे जाळली. प्रसिद्ध मालकीमुळे किंमत आली खरी, पण ती गाडीची नव्हती, जाळण्याच्या हक्काची होती.

दोन्ही टोकं एकाच माणसाच्या बाबतीत पाहायची तर विजय मल्ल्या यांच्याकडे पाहावं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांनी गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट आणि वाटी १८ लाख डॉलरना घेतली. हा प्रसाद. मात्र त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ९५ मीटरची ‘इंडियन एम्प्रेस’ २०१८ मध्ये खलाशांच्या थकलेल्या पगारापोटी माल्टात अडकली. न्यायालयीन विक्रीत ४.३५ कोटी युरोंची बोली पैसे न आल्याने बारगळली आणि शेवटी ती ३.५ कोटींना गेली. इथे नावापेक्षा बोजा महत्त्वाचा ठरतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसा नौकेवर सागरी धारणाधिकार असतो आणि मालक बदलला तरी तो नौकेबरोबर जातो. भारताच्या २०१७ च्या नौअधिकरण कायद्यातही या हक्कांत खलाशांच्या पगाराला पहिला क्रम आहे. प्रसिद्ध मालक बुडाला की त्याच्या नौकेवर कोणकोण हक्क सांगेल, हे घेणाऱ्याला आधी पाहावं लागतं.

नाव उपयोगी पडतं ते एका ठिकाणी : नौका भाड्याने द्यायची असेल तर. ग्रीक जहाजसम्राट ॲरिस्टॉटल ओनासिस यांनी १९५४ मध्ये कॅनडाच्या नौदलाची मोडीत निघालेली युद्धनौका ३४,००० डॉलरना घेतली आणि सुमारे ४० लाख डॉलर ओतून तिची ‘क्रिस्टिना’ केली. तिच्या पोहण्याच्या हौदाचा मोझेकचा तळ वर उचलला की नाचाची फरशी होते. चर्चिल या नौकेवर पाहुणे होते. १९७५ मध्ये ओनासिस वारल्यावर मुलीने ती ग्रीक सरकारला दिली आणि इतकी गाजलेली नौका सरकारी ताब्यात कुजत पडली. १९९८ मध्ये एका ग्रीक जहाजमालकाने ती घेऊन दुरुस्त केली आणि आता ‘क्रिस्टिना ओ’ नावाने ती भाड्याने जाते. हौद त्यांनी जपला. जुनं नावही ठेवलं, कारण पाहुणे त्याचेच पैसे देतात. उलट, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची लाकडी ‘सिकोया’ कार्टर यांनी १९७७ मध्ये विकायला काढली, पुढे ती मालकीच्या वादात अडकली आणि २०१६ च्या निकालात न्यायाधीशांना नोंदवावं लागलं, की तिच्यात आता रकून नावाचे जंगली प्राणी राहतात. वादातल्या एका पक्षाला शून्य डॉलरना ती घेण्याची मुभा त्यांनी दिली.

सोलापुरात नावामुळे जपलेली वास्तू आहे ती डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर. ते बाजारात न येता स्मारक झालं, त्यामुळे त्याचा भाव काढण्याची वेळच आली नाही.

राहिला प्रश्न पुराव्याचा. मालकी सिद्ध करायची तर विक्रीखत आणि नोंदणीचा उतारा लागतो, आणि मोठ्या यॉटच्या उताऱ्यावर बहुधा माल्टा किंवा केमन बेटांतल्या एखाद्या कंपनीचं नाव असतं. सिनेनटाचं किंवा राजपुत्राचं नसतं. इथेही आरसी बुक मागितलं की कधीकधी त्यावर भलत्याच माणसाचं नाव निघतं. अशा वेळी दलाल न डगमगता सांगतो : “त्यांचे जावई डॉक्टर हायत की.”