१८६९ चा ‘पहिला’ अमेरिकन फुटबॉल सामना: एक खुलासा

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स महाविद्यालयाने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले आणि त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलचा जन्म झाला, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. सामना झाला, निकालही खरा. मात्र खेळला गेलेला खेळ चेंडू हातात घेऊन धावण्याचा आजचा अमेरिकन फुटबॉल नव्हता.

प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते. नियम लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांवर बेतलेले असल्यामुळे चेंडू पायाने मारता येई, हाताने फटकावताही येई, पण तो उचलून पळण्यास किंवा फेकण्यास मनाई होती. प्रत्येक गोल हा एक ‘डाव’ धरला जाई आणि दहा डाव झाले की सामना संपे; ६-४ या आकड्यांची बेरीज दहा भरते ती त्यामुळेच. रटगर्सच्या काही खेळाडूंनी ओळखीसाठी डोक्याला लाल फडकी गुंडाळली होती, कारण गणवेश नावाची गोष्टच नव्हती.

आठवड्याभराने प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर, चेंडू झेलणाऱ्याला मोकळा फटका (अडथळ्याविना चेंडू मारण्याची संधी) देणाऱ्या आपल्या नियमांनी, ८-० असा विजय मिळवला. ठरलेला तिसरा सामना झालाच नाही, म्हणजे अख्खा हंगाम दोन सामन्यांचा! त्या वर्षाचे ‘राष्ट्रीय विजेतेपद’ही अभ्यासकांनी कित्येक दशकांनंतर बहाल केलेले आहे.

चेंडू घेऊन धावण्याची रीत हार्वर्डने १८७४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी खेळताना रग्बीतून उचलली. अकरा खेळाडू आणि चेंडूचा ताबा ठरवणारी रेषा हे बदल येल विद्यापीठाचे खेळाडू वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने १८८० मध्ये आले.