जागा रिकामी, तरी फाइल बसेना

३२ जीबीचा पेन ड्राइव्ह जवळपास रिकामा आहे, पण लग्नाच्या व्हिडिओची ५ जीबीची फाइल त्यात जात नाही. ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप विंडोजवर येतो आणि मॅक किंवा लिनक्सवर नेलं तरी सुटका नाही.

पेन ड्राइव्हच्या चिपवर नुसते बिट, म्हणजे ० आणि १, असतात. त्यांतले कुठले कोणत्या फाइलचे, हे सांगणारी नोंदवही म्हणजे फाइल सिस्टीम. ही वही प्रत्येकाची वेगळी: विंडोजची एनटीएफएस, मॅकची एपीएफएस, लिनक्सवर बहुधा एक्स्ट४. मॅकला एनटीएफएस वाचता येते, पण तिच्यात लिहिण्याची सोय मुळात नसते. एपीएफएसचा ड्राइव्ह जोडला तर विंडोज तो फॉरमॅट करायचा का, असंच विचारू शकतं. तिथे घाईने ‘हो’ म्हणू नका!

या सगळ्यांना चालणारी जुनी वही म्हणजे १९९६ची फॅट३२. आपल्या पेन ड्राइव्हवर हीच आहे. तिच्यात फाइलची मूळ नोंद ३२ बाइटची असते. पहिले ११ बाइट नावाला, मग तारीख-वेळ, फाइल कुठे सुरू होते त्याचा क्रमांक, आणि अगदी शेवटचे ४ बाइट आकाराला. ४ बाइट म्हणजे ३२ बिट. त्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. फाइल याहून एका बाइटनेही मोठी झाली, की तिचा आकार लिहायला रकाना पुरत नाही. ड्राइव्हवर कितीही जागा असो, ४ जीबीची अट आली ती इथून.

मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये एक्सफॅट आणली. तिच्यात आकाराला ८ बाइट आहेत, त्यामुळे हा प्रश्न मिटला. मॅकनेही ती स्वीकारली. पण तिच्यावर पेटंट होती, तपशील खुले नव्हते, म्हणून लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, तिला वर्षानुवर्षं जागा मिळाली नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कंपनीने तपशील जाहीर केले आणि नोव्हेंबरात आलेल्या कर्नेल ५.४मध्ये एक्सफॅट दाखल झाली. इतकी वर्षं अडलं होतं ते मालकीपायी, तंत्रापायी नव्हे. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आज तिन्ही ठिकाणी ड्राइव्ह फिरवायचा असेल तर एक्सफॅटच निवडावी. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी प्रत काढून ठेवा. आणि ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ कराच. एनटीएफएस आपल्या नोंदींतले बदल आधी टिपून ठेवते, त्यामुळे मध्येच खंड पडला तरी तिला वही सावरता येते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही.